सर्व्हेलन्सला काय म्हणावं: टेहळणी, पाळत की जागल?

कपाशीकाठी
गावच्या वाचनालयात मी माहितीफलक लिहितो. या वेळचा विषय एमक्यू-९बी ड्रोन, म्हणजे लांबून चालवलं जाणारं मोठं अमेरिकी विमान. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने अशी ३१ विमानं घेण्याचा करार केला. नौदलाला १५, भूदल आणि हवाई दलाला आठ-आठ. एका ओळीत अडलो. तिथे 'सर्व्हेलन्स' (सतत नजर ठेवणं) आणि 'रेकॉनिसन्स' (जाऊन माहिती काढणं) शेजारी शेजारी आहेत. पहिल्याला टेहळणी लिहिलं तर दुसऱ्याला शब्दच उरत नाही. बाबांना सांगितलं, हे विमान दीड दिवसही उतरत नाही, वरून सारखं खाली पाहत राहतं. ते म्हणाले, "जागल लिही ना. रातभर मचाणावर बसून आपण डुकराले अन् रोह्याले पाहतो, तेच तं हाय." मला पटलं. पण वाचनालयातले एक सर म्हणतात, जागल प्रमाण मराठी नाही, फलकावर नको. काय लिहू?

शब्दवेडी वर्धा
टेहळणी रेकॉनिसन्सला ठेवा. जायचं, पाहायचं, परत येऊन सांगायचं, ही टेहळणी. सर्व्हेलन्सला पाळत. त्यात सातत्य आहे.

गडवाट
टेहळणीत जाणं-येणं कुठून आलं? टेहळणी बुरूज जागचा हलत नाही. नरनाळा किल्ल्याच्या तटावर उभे राहा, खालचा सगळा मुलूख नजरेत येतो. टेहळणीत महत्त्वाचं आहे ते लांबवर पाहणं.

निवृत्त गुरुजी
जागल अप्रमाण म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. गावगाड्यात रात्री राखण करणारा जागल्या होताच. पुढे वर्तमानपत्रांनी गैरप्रकार उघड करणाऱ्या 'व्हिसलब्लोअर'लाही जागल्या म्हटलं, ते सगळ्यांनी घेतलं. मग शेतकऱ्याच्या तोंडी आला की तोच शब्द गावंढळ कसा होतो?

तरीही फलकावर तो सरसकट वापरू नये असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण प्रमाणभाषा नाही. मी लहानपणी वडिलांबरोबर जागलीला जात असे. जागल करणारा स्वतःचं पीक राखतो. शेजाऱ्याच्या वावरात कोण आलं-गेलं हे पाहत बसला, तर त्याला गावात कुणी जागल म्हणत नसे. आपल्या सागरी हद्दीवर विमान फिरतं तेव्हा ती जागल. दुसऱ्याच्या मुलखात डोकावलं की ती पाळत. काम तेच, कॅमेरा तोच, पण खाली जमीन कुणाची आहे यावर शब्द बदलतो. ही बारीक रेघ इंग्रजी शब्दात नाही, आपल्याकडे आहे. ती पुसू नका.

संत्रानगरी
सरळ निगराणी लिहा. नागपुरात सगळ्यांना कळतो.

शब्दवेडी वर्धा
तो हिंदीतला आहे.

संत्रानगरी
मुळात फारसी आहे. 'शिपाई'ही फारसीच, त्याला आपण आपलं म्हणतो, तर याला का नाही? १९५६ पर्यंत आपला विदर्भ मध्य प्रदेशात होता, हिंदी आपल्या अंगणातली भाषा आहे. पुण्याच्या कानाला खटकते म्हणून आपण आपले शब्द का टाकायचे?

धुऱ्यावरून
मले दुसरंच विचाराचं हाय. फलकावर 'मानवरहित विमान' लिहू नका. आमच्याइकडं फवारणीचं ड्रोन येते तवा माणूस रिमोट घेऊन धुऱ्यावर उभा राह्यते, साऱ्याईले दिसते. मानवरहित कसं?

गडवाट
अगदी बरोबर. या मोठ्या ड्रोनलाही जमिनीवरच्या कक्षात एक वैमानिक आणि एक कॅमेरे-सेन्सर सांभाळणारा असे दोघे लागतात. नाकाशी जो फुगवटा दिसतो त्यात उपग्रहाशी बोलणारी अँटेना असते, म्हणून तर हजारो किलोमीटरवरून चालवता येतं. इंजिन आणि पंखा शेपटीकडे. पंख लांब आणि निमुळते, घारीसारखं कमी ताकदीत तरंगता यावं म्हणून. 'अनारूढ विमान', म्हणजे वर कुणी न बसलेलं, असं म्हणावं हे मी सुचवतो.

धुऱ्यावरून
अनारूढ कोन म्हनन? ड्रोनच म्हना.

शब्दवेडी वर्धा
'आत्मघाती ड्रोन' हा शब्दही असाच चुकीचा रुळलाय. नागपुरात तयार होणारं नागास्त्र-१ घ्या. वजन साधारण नऊ किलो, एक किलोचा स्फोटक भाग, लक्ष्यावर घिरट्या घालून आदळतं. पण लक्ष्य सापडलं नाही तर पॅराशूटने उतरवून पुन्हा वापरता येतं. सुखरूप परत येणाऱ्याला आत्मघाती म्हणणं मला सहन होत नाही. शिवाय यंत्राला आत्मा कुठला? जीव जातो तो खालच्याचा. घिरटे अस्त्र म्हणा.

कपाशीकाठी
हे सगळं टिपून घेतोय. पण माझ्या ओळीचं काय? आणि आणखी एक अडचण: याच घराण्यातल्या एमक्यू-९ए चं नाव 'रीपर'. कच्चा मजकूर वाचून दोघांनी विचारलं, रीपर तर सोयाबीन काढायचं यंत्र, ते उडायला कधी लागलं?

निवृत्त गुरुजी
पाश्चात्त्यांकडे मृत्यू हातात विळा घेऊन येतो, त्यावरून ते नाव. आपला यम पाश आणतो, म्हणून ती प्रतिमा आपल्यापर्यंत पोचत नाही. 'कापणीवाला' लिहून कंसात खुलासा करा.

धुऱ्यावरून
गुरुजी, सोयाबीनची कापणी नाही, सोंगणी म्हनतात.

अकोटकर
आमच्याकडे सवंगणी. सोंगणी त्याचंच झिजलेलं रूप असावं.

शब्दवेडी वर्धा
उलटंही असू शकेल. तुमच्याकडे ज्वारीलाही सवंगणीच म्हणतात का?

अकोटकर
हो. तूर मात्र कापतो.