मदत हवी आहे: घडीच्या ट्रेलरचं छत एका कोपऱ्यात मागे राहतं, कडेचं लाकूडही मऊ झालंय

धागाकर्ता:
ट्रेलर घडीचा आहे. खाली कडक पेटी, वर उचलायचं छत, दोन्ही टोकांना बाहेर सरकणारे पलंग आणि मधे कॅनव्हास. छत हाताने फिरवायच्या विंचवर (केबल गुंडाळणारं हँडलचं यंत्र), चार केबल आणि एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या चार खांबांवर चढतं. मागचा डावा कोपरा इतरांपेक्षा ५ सेंटिमीटर खाली राहतो. त्याच कोपऱ्यात छताची कड अंगठ्याने दाबली की आत जाते. कोपरा बरोबरीत कसा आणायचा? पुढे छतावर १०० वॉटचं सोलर पॅनल बसवायचं आहे, आणि शिशाच्या बॅटरीऐवजी लिथियम घ्यायची आहे. आधी कशाला हात घालू?

प्रतिसाद १:
सगळ्यात आधी लाकडाचे चार टेकू कापून घ्या, पेटीच्या कडेपासून छताच्या कडेपर्यंतच्या मापाचे. छत नुसत्या विंचवर उभं असताना त्याखाली कुणीही जायचं नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही.

मग हळूहळू विंच फिरवत त्या कोपऱ्याकडे बघा. तो सुरुवातीलाच उशिरा निघत असेल आणि तेवढंच अंतर राखून वर येत असेल, तर केबल लांबली आहे. बाकीच्यांबरोबर निघून मधेच अडकत असेल आणि मग झटक्याने वर येत असेल, तर केबलचा दोष नाही. नळी वाकली आहे, आतली स्प्रिंग मुरगळली आहे किंवा कप्पी फिरत नाही. या दुसऱ्या प्रकारात केबल आवळत बसलात तर ती तुटेल.

केबल तपासायला जुनं सुती कापड तिच्यावर गुंडाळून पूर्ण लांबीभर ओढा. तुटलेली तार कापडात अडकते. उघड्या हाताने हे करू नका, त्या तारा सुईसारख्या घुसतात.

धागाकर्ता:
कोपरा सुरुवातीपासूनच उशिरा निघतो, मधे कुठे अडकत नाही. कापड मागच्या कप्पीजवळ तीन ठिकाणी अडकलं. बाकीच्या तीन केबल गुळगुळीत आहेत, पण गंज दिसतो.

प्रतिसाद १:
मग आवळायचा प्रश्नच उरला नाही, बदला. आणि चारही बदला. एकाच वयाच्या केबल आहेत, एक गेली की बाकीच्या रांगेतच असतात. जोड देऊ नका, जोडाची गाठ कप्पीतून जात नाही. नवी केबल जुन्याच जाडीची घ्या, जाड घेतली तर कप्पीच्या खाचेत बसत नाही आणि कडांवर घासते. कप्प्याही सोबत तपासा. खाचेत केबलचा ठसा उमटलेला असेल किंवा कप्पी डुगडुगत असेल तर तीही काढा.

चारही केबल चॅसीखाली (ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याखाली) एका लोखंडी पट्टीला येऊन मिळत असतील, तर तिथे प्रत्येकीचा आट्यांचा बोल्ट आणि नट असतो. छत पूर्ण खाली आणून ताण सोडवा, मग नट एकेक फेरा आवळा. छत वर करून चारही कोपऱ्यांवर पेटी ते छत हे अंतर मोजा. एक-दीड सेंटिमीटरचा फरक राहिला तर सोडून द्या. नवी केबल पहिल्या काही वेळा थोडी ताणली जातेच, तेव्हा पुन्हा मोजा.

छत पूर्ण खाली असताना विंचच्या ड्रमवर किमान तीन वेढे शिल्लक हवेत. छत टेकल्यावरही हँडल फिरवत राहिलं तर केबल सैल पडून ड्रमवर गुंता होतो. विंचला घर्षणाचा ब्रेक असेल तर त्याच्या चकत्यांना तेल-ग्रीस अजिबात लावू नका, छत धरणार नाही. खांबांनाही ग्रीस नको, धूळ धरतं. कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरे.

प्रतिसाद २:
केबलचं सगळं बरोबर, पण तिथे थांबू नका. मागचा डावा कोपराच मऊ असणं हा योगायोग वाटत नाही. भिजलेलं लाकूड जड होतं आणि तो भार त्याच केबलवर येतो. नवी केबल टाकून लाकूड तसंच ठेवलंत तर तिचीही तीच गत होईल.

कडेची पट्टी काढा. जुनं सीलंट (फटी बुजवणारा लेप) प्लास्टिकच्या खुरपणीने खरवडा. छत एबीएस प्लास्टिकचं असेल तर ॲसिटोन लावू नका, ते प्लास्टिक विरघळवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेचकसाचं टोक जिथपर्यंत सहज घुसतं तेवढं लाकूड कापून टाका, कडक लागल्यावर आणखी थोडं पुढे. उरलेलं पूर्ण सुकू द्या. ओल्या लाकडावर इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा भराव) भरली तर कुज आत कोंडली जाते.

पट्टी परत बसवताना खाली ब्युटाईल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घाला, प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखालीही चिमूटभर. स्क्रू एकदम करकचून आवळू नका. टेप हळूहळू पसरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा, बाहेर आलेली कापून टाका. सिलिकॉन सीलंट वापरू नका. त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही.

प्रतिसाद ३:
पॅनल छतावर नकोच. १०० वॉटचं काचेचं पॅनल ६ ते ८ किलोचं असतं, आणि तो भार प्रत्येक वेळी त्याच चार केबल उचलणार. जमिनीवर उभं करायचं घडीचं पॅनल घ्या. ट्रेलर सावलीत, पॅनल उन्हात. १० मीटर वायर लागली तर ४ चौरस मिलिमीटरची घ्या आणि चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज आवरून बॅटरीला देणारी पेटी) बॅटरीशेजारी ठेवा, म्हणजे वायरमधली व्होल्टची घट पॅनलच्या बाजूला पडते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी भरायला साधारण १४.४ व्होल्ट लागतात. जुना कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवरून बॅटरी भरणारा) १३.६ च्या आसपास थांबत असेल तर ती सावकाश भरते आणि वरचा भाग राहून जाऊ शकतो. शून्य अंशाखाली चार्ज करू नका. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितका जवळ. बॅटरी हलकी होणार, म्हणून गाडीला जोडायच्या पुढच्या आकड्यावर पडणारं वजन पुन्हा मोजा. ते भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० टक्क्यांखाली गेलं तर तो मागे डोलायला लागतो.

प्रतिसाद १:
केबलसाठी ट्रेलर उचलणारच आहात, तर जॅक चॅसीखाली लावा, खाली स्टँड ठेवा आणि चाक वर-खाली धरून हलवून बघा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग उघडून तपासा, झिजलं असेल तर बदला, नाहीतर ग्रीस भरून नट नीट आवळा. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष.