खांबाजवळची मोटार, तिचे नवे गेज आणि पेट्रोलचा वास

काकू, अ-१०३: सर्वांना नमस्कार. खांबाजवळ उभी असलेली जुनी मोटार कोणाची आहे हे आपल्या सोसायटीत प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून नाव घेत नाही. कालपासून आमच्या खिडकीपर्यंत पेट्रोलचा वास येत आहे आणि आज सकाळी पाहिले तर इंजिनाकडून एक बारीक नळी थेट चालकाच्या आसनासमोर नेलेली दिसली. मागच्या बैठकीत काय ठरले होते, ते पुन्हा लिहायला लावू नये, ही विनंती.

ब-३०४: काकू, नमस्कार. मोटार माझी आहे. नाव घेतले असते तरी चालले असते. ती नळी इंधनाचा दाब दाखवणाऱ्या गेजची असून गेजच्या खोक्यातच आली होती. काम अर्धे झाले आहे. इंधनपातळीचा आणि हवा-इंधन प्रमाणाचा असे आणखी दोन गेज बसवायचे आहेत. तिन्ही ५२ मिलिमीटरचे, एकाच काळ्या तबकडीचे घेतले आहेत.

नाना, क-२०२: तबकडीचा रंग जुळला हे उत्तम झाले. आता महत्त्वाचे विचारतो. टाकीतील सेन्डरचा, म्हणजे तरंगत्या फ्लोटवरून पातळी गेजला कळवणाऱ्या भागाचा, विद्युत रोध रिकाम्या आणि भरलेल्या टाकीवर मोजला आहे का?

ड-४०१: नाना, आधी आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा रोध मोजा. तिचा दर्शक नळ कोरडे पडले तरी ‘पूर्ण भरलेली’ असेच दाखवतो. तिथेही तरंगता गोळाच आहे.

ब-१०१: त्या दर्शकाचे बिल कोणी मंजूर केले, हेही या निमित्ताने कळले तर बरे होईल.

सचिव: पाण्याच्या टाकीचा विषय स्वतंत्रपणे घेऊ. कृपया मोटारीपुरतेच लिहावे.

नाना, क-२०२: मी मोटारीबद्दलच लिहिले आहे. सेन्डरचा रोध मोजला आहे का?

ब-३०४: नाना, गेजवर ‘युनिव्हर्सल’ असे लिहिलेले आहे.

नाना, क-२०२: युनिव्हर्सल या शब्दाने काटा हलत नाही. टाकीतील फ्लोट वरखाली होताना एक रोध बदलतो आणि तो किती ओहमपासून किती ओहमपर्यंत बदलेल हे प्रत्येक परंपरेत वेगळे आहे. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकामी टाकी ० आणि भरलेली ९० ओहम. फोर्ड आणि क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत रिकामी ७३ आणि भरलेली १०. व्हीडीओ या कंपनीच्या धाटणीच्या युरोपीय सेन्डरमध्ये रिकामी १० आणि भरलेली १८०. आणि बाजारात युनिव्हर्सल म्हणून मिळणारे बहुतेक संच रिकामी २४० आणि भरलेली ३३. तुमच्या टाकीत १०-१८० चा सेन्डर असेल आणि गेज २४०-३३ चा असेल, तर टाकी भरल्यावर काटा रिकाम्याकडे झुकेल आणि पेट्रोल संपत येईल तसा भरलेल्याकडे जाईल. म्हणून विचारतो आहे.

ड-४०१: म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडेल तेव्हा टाकी काठोकाठ भरलेली असेल. मनाला तेवढाच आधार.

काकू, अ-१०३: विनोद होत राहतील. नळीचे काय?

नाना, क-२०२: काकूंचा मुद्दा रास्त आहे. दाबाच्या यांत्रिक गेजमध्ये प्रत्यक्ष पेट्रोल नळीतून गेजपर्यंत येते. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो दाब ४ ते ७ पीएसआय इतका असतो, पण इंजेक्टर असलेल्या गाडीत तो सुमारे ३ बार, म्हणजे ४३ पीएसआयच्या आसपास असतो. त्या दाबाखाली एखादा सांधा सुटला, तर पेट्रोलचा फवारा चालकाच्या पायांवर, खाली दबलेल्या तारांवर आणि कदाचित पेटत्या सिगारेटवर पडेल. यांत्रिक गेज बॉनेटखालीच ठेवावा. आत हवाच असेल, तर बॉनेटखाली दाबाचा संकेत पाठवणारा विद्युत सेन्डर बसवून आत फक्त तारा आणाव्यात.

ब-१०१: मी हेच दुचाकीच्या चार्जिंगच्या वायरबद्दल सांगत होतो, तेव्हा मला ‘घाबरट’ म्हटले गेले होते.

सचिव: आदरणीय ब-१०१, त्या विषयावर ठराव झालेला आहे.

ब-१०१: ठराव झाला आहे, वायर अजून तिथेच आहे.

ब-३०४: नळी आज संध्याकाळीच काढतो आणि विद्युत सेन्डरचा गेज मागवतो. परंतु जुना पातळीचा गेजही डॅशबोर्डवर शोभून दिसतो. तो तसाच ठेवून टाकीतील त्याच सेन्डरवर नवाही जोडला तर?

नाना, क-२०२: दोन्ही खोटे बोलतील. एका सेन्डरमधून दोन गेजचा विद्युतप्रवाह गेला की प्रत्येकाचे वाचन दुसऱ्यामुळे बिघडते. अलीकडच्या गाडीत तर तो संकेत उपकरणफलकाकडे जातो आणि राखीव इंधनाचा दिवाही त्यावरच चालतो. एकच ठेवा. चाचणी करायची म्हणून सेन्डरला बारा व्होल्ट थेट कधीही देऊ नका. १० ओहमच्या तारेतून त्या वेळी एक अँपिअरहून अधिक प्रवाह जाईल आणि ती बारीक तार इंधनाच्या वाफेत तापेल.

ब-३०४: मग काटा चुकीचा दिसला, तर दोष गेजचा की सेन्डरचा हे ओळखायचे कसे?

नाना, क-२०२: सेन्डरची तार टाकीजवळ सोडवून इग्निशन चालू करा. २४०-३३ चा गेज तार मोकळी असताना रिकामी दाखवेल आणि तीच तार बॉडीला टेकवली की भरलेली दाखवेल. १०-१८० आणि ०-९० च्या गेजमध्ये याच्या नेमके उलट होईल. काटा दोन्ही टोकांपर्यंत गेला, तर गेज निर्दोष आहे आणि शोध टाकीकडे वळवावा. मात्र तार टेकवायची ती टाकीच्या झाकणापासून दूर, गेजच्या बाजूच्या जोडावर, कारण ठिणगी लहान असली तरी ठिणगीच असते. आणखी एक गोष्ट फारसे कोणी लक्षात घेत नाही. सेन्डरचा अर्थ (बॉडीला जाणारी विजेची परतीची जोडणी) गंजला की रोध वाढतो. २४०-३३ मध्ये वाढीव रोधामुळे काटा कमी इंधन दाखवतो, हे एकवेळ चालेल. १०-१८० मध्ये मात्र तो असेल त्याहून जास्त दाखवतो. म्हणून अशा सेन्डरला अर्थची स्वतंत्र तार द्यावी.

ड-४०१: गच्चीवरच्या टाकीचा आजार कळला. तिचा अर्थ गंजला आहे.

ब-१०१: टाकीचा गंजला आहे, की ठरावाचा?

सचिव: कृपया.

ब-३०४: तिसरा गेज राहिला. हवा-इंधन प्रमाणाच्या गेजवर रंगीत दिव्यांची कमान आहे आणि तो गाडीच्या एक्झॉस्टमधील मूळ ऑक्सिजन सेन्सरलाच जोडता येतो.

नाना, क-२०२: तो परत करा. मूळ सेन्सर नॅरोबँड असेल, तर तो साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो आणि एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या प्रमाणाजवळ, म्हणजे लॅम्डा (प्रत्यक्ष हवा भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा) १ पाशी, एकदम उडी मारतो. मिश्रण त्या रेषेच्या रिच (पेट्रोल जास्त) बाजूला आहे की लीन (पेट्रोल कमी), एवढेच तो विश्वासाने सांगतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, स्वतःच मिश्रण या रेषेच्या अलीकडे-पलीकडे झुलवत असते, त्यामुळे दिवे सतत नाचत राहतील आणि तुम्हाला काहीही कळणार नाही. पूर्ण ॲक्सिलरेटरवर १२.५ आहे की १३.५ हे पाहायचे असेल, तर वाइडबँड सेन्सर आणि त्याचा नियंत्रक लागतो. बॉशचा एलएसयू ४.९ हा सेन्सर त्यासाठी सर्रास वापरला जातो.

काकू, अ-१०३: त्यासाठी सायलेन्सरला भोक पाडून वेल्डिंग करावे लागते, असे माझा पुतण्या सांगतो. ते इथे होणार नाही.

ब-३०४: काकू, वेल्डिंग कार्यशाळेतच होईल. इथे ग्राइंडरसुद्धा चालवणार नाही.

सचिव: हे लेखी आले, याची नोंद घेत आहे.

नाना, क-२०२: कार्यशाळेत जाण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढायला लावा आणि सेन्सरची जागा स्वतः खूण करून द्या, तिथे सोयीची जागा निवडतात, योग्य नव्हे. मूळ सेन्सरला हात लावू नये, कारण ईसीयू त्यावरच अवलंबून आहे. वाइडबँडसाठी एक्झॉस्ट पाइपवर १८ मिलिमीटरचा वेगळा बंग (सेन्सर घट्ट बसवायचे आट्यांचे कडे) बसवावा. तो धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी आणि टर्बो असल्यास टर्बोच्या नंतर असावा. सेन्सर आडव्या रेषेच्या किमान दहा अंश वर राहील असा बंग पाइपच्या वरच्या बाजूला हवा. थंड एक्झॉस्टमध्ये पाणी साचते आणि सेन्सरचा चिनी मातीचा भाग सातशे अंश सेल्सिअसच्याही वर तापतो. त्यावर पाणी आले की तो तडकतो. सेन्सरच्या आधी पाइप गळका असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन मिश्रण लीन असल्याचा भास होईल. ॲक्सिलरेटर सोडून उतारावर येताना आकडा एकदम लीनच्या टोकाला जाईल, तेव्हा घाबरू नये, कारण ईसीयूने त्या क्षणी इंधन तोडलेले असते.

ब-३०४: इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर १४.७ हाच आकडा धरायचा का?

नाना, क-२०२: शुद्ध इथेनॉलला सुमारे ९ भाग हवा पुरते, म्हणून मिश्र इंधनाचे खरे प्रमाण १४.७ च्या खाली असते. पण सेन्सर मुळात लॅम्डा मोजतो आणि गेज त्याला १४.७ ने गुणून दाखवतो, त्यामुळे लॅम्डा १ असताना पडद्यावर १४.७ च दिसेल. गेज लॅम्डामध्ये वाचण्याची सवय लावली, तर हा घोळ उरत नाही. वीज इग्निशनवर चालू-बंद होणाऱ्या तारेवरून फ्यूज लावून घ्या; सेन्सर एक्झॉस्टमध्ये असताना त्याचा हीटर बंद ठेवून गाडी चालवू नका, तो काजळीने खराब होतो.

ब-३०४: सेन्डरला मल्टिमीटर लावून पाहिला. टाकी जवळजवळ रिकामी असताना १४ ओहम आला. उद्या टाकी भरून पुन्हा मोजतो.

नाना, क-२०२: १४ म्हटल्यावर १०-१८० ची शक्यता दिसते, पण ०-९० ही असू शकतो आणि क्वचित अर्थही खराब असू शकतो. भरल्यावरचा आकडा आल्याशिवाय नवा गेज घेऊ नका.

काकू, अ-१०३: नळी निघाली का?

ब-३०४: निघाली आहे. तिचे टोक बॉनेटखाली बंद करून सांधा कोरड्या कापडाने तपासला आहे.

काकू, अ-१०३: वास थोडा कमी वाटतो. मोटार कार्यशाळेत असेल त्या दिवशी खांबाजवळची जागा आमच्या पाहुण्यांसाठी मिळावी.

ब-१०१: त्या जागेसाठी माझा अर्ज आधीपासून आहे.