मदत हवी आहे: वह्या, नोंदी आणि घर, रोज रात्रीचे अकरा

रानजाई
जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पुढच्या सोमवारपासून संकलित (सत्राअखेरच्या) चाचण्या. साडेसहाला घरी पोचते, मग वह्या, नोंदी, माहिती भरणं. पाठ टेकायला अकरा वाजतात. मुलगी तीन वर्षांची, वह्यांच्या ढिगाशेजारीच झोपून जाते. काम घरी न्यायचंच नाही, असं जमतं का? कसं, तेवढंच सांगा. योगासनं आणि पहाटे चारला उठणं नको.

खडूफळा
इयत्ता कोणती? पट किती? शिक्षक किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रानजाई
तिसरी-चौथी एकत्र, 19 मुलं. द्विशिक्षकी.

पारंबी
19 वह्या, चार विषय, वहीला दोन मिनिटं धरली तरी 152 मिनिटं. रोज सगळं तपासायला गेलात तर घरी न्यावंच लागणार. दिवसाला एकच विषय धरा: सोमवारी मराठी, मंगळवारी गणित, बुधवारी इंग्रजी, गुरुवारी परिसर अभ्यास, शुक्रवार गैरहजर राहिलेल्यांसाठी. उरली 38 मिनिटं, ती वर्गातच निघतात. प्रत्येक तासाच्या शेवटी दहा मिनिटं दोन्ही इयत्तांना लेखनकाम द्या आणि एकेकाला वही घेऊन टेबलाशी बोलवा. चूक मुलाच्या देखत दाखवली की तिथेच दुरुस्त होते. घरी मारलेली लाल रेघ दुसऱ्या दिवशी ते पाहतही नाही. शिवाय एका वेळी एकाच प्रकारच्या चुका धरा. आज वेलांटी-उकार, पुढच्या सोमवारी जोडाक्षरं.

डोंगरवाट
पाढे आणि श्रुतलेखन मुलांना एकमेकांचं तपासू द्या. उत्तरं फळ्यावर लिहायची, खूण पेन्सिलीने करायची. दहा मिनिटांत वर्ग उरकतो.

पारंबी
पाढ्यांना चालेल. पण तिसरीतलं मूल शेजाऱ्याचं ऱ्हस्व-दीर्घ कसं ओळखणार? आणि भेटीला आलेले केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) वहीत शिक्षकाची सही-तारीख बघतात.

डोंगरवाट
ओळखायचं नाहीच, फळ्यावरच्या शब्दाशी अक्षराला अक्षर जुळवायचं. शुद्धलेखनाचा सराव तो हाच. सही तुम्ही शेवटी करा, तिला कितीसा वेळ लागतो?

कायदा_आधी
शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 27. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. बीएलओचं (मतदार यादीचं) काम लेखी नाकारा.

खडूफळा
ताई बीएलओबद्दल कुठे बोलल्या? आणि निवडणूक त्या कलमातच अपवाद आहे, मग नाकारणार कशाच्या आधारावर? त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाला आठवड्याचे किमान 45 तास दिलेत, पाठाची तयारी धरून. इथे ते कामाचं. एक आठवडा तास लिहून काढा, कशात जातात ते कळेल.

वळीव
पती-पत्नी एकत्रीकरणातून बदली मागा. दोघांच्या नोकरीच्या गावांत 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर बदलीत प्राधान्य असलेल्या विशेष संवर्ग भाग 2 मध्ये बसता.

रानजाई
नवरा इथेच असतो, बदली नको आहे! नोंदींचं सांगा ना कुणीतरी. प्रत्येक मुलाची विषयवार वर्णनात्मक नोंद लिहायची, सात विषय म्हणजे 133 नोंदी. शिवाय पोषण आहार आणि मुख्याध्यापकांची माहिती वेगळीच.

खडूफळा
मुख्याध्यापकांची माहिती तुम्ही का भरता?

रानजाई
मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडेच आहे. सांगायचं राहिलं.

खडूफळा
मॅडम, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. मग वह्या दुय्यम, वेळ प्रभारात जातोय. दुसऱ्या शिक्षकांना पोषण आहार लेखी द्या. सूचना वहीत कामवाटप लिहा, दोघांनी सह्या करा. तोंडी वाटप महिनाभरात तुमच्याकडेच परत येतं. पूर्ण पट किती?

रानजाई
34.

खडूफळा
पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ. 31 हजर तर 3 किलो 100 ग्रॅम. परिपाठ संपला की डोकी मोजायची, तांदूळ स्वयंपाकी ताईंसमोर वजन करून द्यायचा, साठा नोंदवही तिथेच लिहायची आणि जेवणाची सुट्टी संपायच्या आत ऑनलाइन नोंद करायची. संध्याकाळवर टाकलं की रेंज नसते, दुसऱ्या दिवशी आकडा आठवत नाही आणि महिनाअखेर शिल्लक जुळत नाही. रात्री रजिस्टर घेऊन बसणं त्यातूनच येतं. केंद्राच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा मागतात ते आकडे (शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक, इयत्तानिहाय मुलं-मुली, प्रवर्गनिहाय पट) एका फाईलमध्ये तयार ठेवा. पट बदलला की त्याच दिवशी दुरुस्त करा.

शाईपेन
आता नोंदी. खिशात छोटी डायरी ठेवा. रोज तीन मुलं, प्रत्येकी तारखेसह एक ओळ: ‘हातच्याची वजाबाकी दोनदा चुकला, काड्यांनी केल्यावर जमली.’ सात दिवसांत वर्ग पूर्ण होतो. या सत्राला तेवढे दिवस नाहीत, तर वह्या आणि तोंडी कामाच्या नोंदी समोर ठेवून शाळेतच रोज एक विषय संपवा. तयार वाक्यांची पीडीएफ उतरवू नका. त्यात मुलीच्या पानावर ‘छान गातो’ येतं आणि 19 जणांना एकच गुण चिकटतो.

तिसरी-चौथीला आकारिक (सत्रभर वर्गात होणारं मूल्यमापन) 60 गुण, संकलित 40. श्रेणी हाताने लावू नका, एक्सेलच्या व्हीलूकअप सूत्राने लावा, ते गुण बघून तक्त्यातली श्रेणी आणतं. तक्त्यात खालच्या मर्यादा चढत्या क्रमाने हव्यात: 0, 21, 33, 41, 51, 61, 71, 81, 91. समोर इ-2, इ-1, ड, क-2 असं वर चढत अ-1 पर्यंत. सूत्रात शेवटी ट्रू. क्रम उलटा ठेवला तर श्रेण्या चुकतात.

रानजाई
कामवाटप उद्याच लिहिते. शाळेतली जुनी एक्सेल फाईल आहे, पण मोबाइलवर उघडली की नावांच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात.

शाईपेन
नावं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. संगणकावर एक नाव निवडून फॉन्ट मंगल करा. इंग्रजी अक्षरं दिसली तर ते युनिकोड (कुठल्याही फोनवर नीट दिसणारं टायपिंग) नाही. 19 च नावं आहेत, रूपांतराच्या नादी न लागता मराठी कीबोर्डवर नव्याने टाइप करा. जुन्या फाईलमधून फक्त आकडे आणि सूत्रं घ्या.