मदत हवी आहे: भाचीच्या हिरड्या आणि एलएडी-१ हा जन्मजात प्रतिकारदोष

नमस्कार. धाकट्या बहिणीच्या मुलीसाठी विचारते आहे. मुलगी सात वर्षांची. दुधाचे दात वेळेआधीच हलून पडले आणि आता नव्या पक्क्या दातांभोवतीच्या हिरड्याही लालभडक, सुजलेल्या आहेत. ब्रश लागला की रक्त येतं. एक्स-रेमध्ये दातांभोवतीचं हाड झिजलेलं दिसतं, पण किडलेला दात एकही नाही. स्केलिंग, माउथवॉश, अँटिबायोटिक सगळं झालं. थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

जन्मानंतर तिची नाळ पडायला महिन्याच्या वर लागला होता. खरचटलं तर जखम लवकर भरत नाही, पण तिच्यात पू कधीच होत नाही. ताप नसतानाही सीबीसीत पांढऱ्या पेशी भरपूर वाढलेल्या. एका बालरोगतज्ज्ञांनी या सगळ्याचा एकत्र विचार करून फ्लो सायटोमेट्री (रक्तपेशींवरची प्रथिनं मोजणारी तपासणी) करायला सांगितली. सीडी-१८ हे प्रथिन पेशींवर कमी निघालं. निदान झालं एलएडी-१. प्रमाण निरोगी माणसाच्या २ ते ३० टक्क्यांमध्ये, म्हणजे आजार मध्यम स्वरूपाचा. २ टक्क्यांखाली असेल तर तो तीव्र धरतात.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून मग बाहेर पडतात आणि जंतूंपर्यंत पोचतात. त्या चिकटण्यासाठी सीडी-१८ लागतं. हिच्या पेशी रक्तातच फिरत राहतात, म्हणून रक्तात त्यांची गर्दी आणि हिरडीत दुष्काळ. दोष आयटीजीबी२ या जनुकात आहे आणि तो आई-वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. बहिणीला आत्याच्याच घरी दिली आहे, त्यामुळे दोघांकडे एकच सदोष जनुक असणं शक्य होतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की या आजारात जंतू हिरडीच्या आत फारसे घुसलेले नसतात, ते दाताच्या पृष्ठभागावरच असतात. न्यूट्रोफिल हिरडीत पोचलेच नाहीत तर आयएल-२३ आणि आयएल-१७ या सूज वाढवणाऱ्या रासायनिक संदेशांना लगाम राहत नाही. त्यातून सूज भडकते आणि हाड झिजतं. जंतू ठिणगी टाकतात, पण नुकसान मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेने होतं. नुसत्या अँटिबायोटिकने का भागत नव्हतं, ते मला तेव्हा कळलं.

हे इतक्या तपशिलात लिहिते आहे कारण घरात आणि शेजारात सगळे बहिणीलाच बोलतात. "चॉकलेटं देतेस, दात घासून घेत नाहीस." ती रोज रात्री लेकीचे दात स्वतः घासते. तिच्यावरचा हा आरोप थांबायला हवा.

माझे प्रश्न:

असा आजार असलेलं मूल कुणाच्या घरी आहे का? दातांची देखभाल कशी करता, स्केलिंग किती वेळाने?

२०१७ मध्ये एलएडी-१ च्या एका तरुण रुग्णाला उस्टेकिनुमॅब दिल्यावर हिरड्यांची सूज आणि न भरणारी जखम दोन्ही बरी झाल्याचं प्रसिद्ध झालं होतं. हे औषध आयएल-१२ आणि आयएल-२३ अडवतं. आपल्याकडे कुणा मुलाला या आजारासाठी दिलं आहे का?

बोन मॅरो प्रत्यारोपणाने मूळ दोषच दूर होऊ शकतो, असं सांगितलं आहे. मध्यम आजारात ते करायचं का, हे तुम्ही कसं ठरवलं?

प्रतिसाद १
मी दंतवैद्य आहे. अँटिबायोटिकने भागत नाही म्हणून सफाई सोडू नका. ठिणगी तिथूनच पडते. मऊ ब्रश वापरा आणि स्केलिंगची वेळ पेरिओडॉन्टिस्ट (हिरड्यांचे तज्ज्ञ) व इम्युनॉलॉजिस्टने (प्रतिकारशक्तीचे तज्ज्ञ) मिळून ठरवू द्या. फार हलणारा दात काढायचा झाला तरी आधी इम्युनॉलॉजिस्टला विचारा, कारण जखम भरायला वेळ लागणार. मुंबईत असाल तर परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे या आजारांच्या तपासण्या होतात. मुलीला भावंड आहे का?

धागाकर्ती
मनापासून आभार. हो, मोठा भाऊ आहे, ठणठणीत. प्रत्यारोपणासाठी त्याच्या पेशी हिच्याशी जुळतात का हे पाहायला त्याची एचएलए तपासणी सांगितली आहे. तो वाहक निघाला, म्हणजे सदोष जनुक त्याच्याकडे एकाच बाजूने आलेलं असलं, तर बोन मॅरोचा दाता होऊ शकेल का, याची घरात धास्ती आहे.

प्रतिसाद २
वाहक निरोगी असतात, एचएलए जुळलं तर वाहक भावंडही दाता होऊ शकतं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. बहीण पुढच्या मुलाचा विचार करत असेल तर आधी आई-वडिलांची जनुकीय तपासणी करून घ्या. दर गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यताही तेवढीच, २५ टक्के. जनुकातला नेमका बदल कळला तर गर्भाची तपासणी करता येते.

धागाकर्ती
हे बहिणीला आजच वाचून दाखवते. उस्टेकिनुमॅबबद्दल कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा, पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेच विचारायचं आहे.