सॉल्सबरीची फोडलेली खिडकी: दंड योग्य होता का?

चर्चाप्रस्ताव
इंग्लंडमधील सॉल्सबरीच्या सेंट एडमंड चर्चमध्ये एका रंगीत काचेच्या खिडकीवर सृष्टीच्या निर्मितीचे चित्र होते आणि त्यात देवपिता निळ्या-तांबड्या अंगरख्यातला ठेंगणा म्हातारा म्हणून रंगवला होता. लोक तिच्यापुढे वाकून नमस्कार करतात, अशी तक्रार होती. जानेवारी १६३० मध्ये वेस्ट्रीने, म्हणजे चर्चच्या पंचमंडळाने, ती काढून साधी काच बसवण्यास शहराचे रेकॉर्डर, म्हणजे कायदा अधिकारी, हेन्री शेरफिल्ड यांना परवानगी दिली. सॉल्सबरीचे बिशप डॅव्हनंट यांनी मनाई केली. तरीही ऑक्टोबरमध्ये शेरफिल्ड यांनी ती फोडली आणि १६३३ मध्ये स्टार चेंबर या राजाच्या न्यायालयाने त्यांना ५०० पौंड दंड केला. माझ्या मते हा अन्याय आहे. राणी एलिझाबेथच्या १५५९ च्या आज्ञापत्रानेच मूर्तिपूजेच्या खुणा भिंतींवरून आणि खिडक्यांवरूनही पुसायला सांगितले होते.

प्रतिसाद
आज्ञापत्राच्या त्याच वाक्यात पुढे भिंती आणि खिडक्या जपाव्यात, दुरुस्त कराव्यात, असेही म्हटले आहे. ते आपण सोयीस्करपणे गाळलेत. शिवाय डॅव्हनंट काही छुपे कॅथलिक नव्हते, ते डॉर्टच्या प्रोटेस्टंट धर्मसभेला गेलेले पक्के कॅल्व्हिनपंथी, म्हणजे मूर्तिपूजेला विरोध करणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे होते. परवानगी काच बदलण्याची होती. या गृहस्थांनी दार लावून घेतले, बाकावर चढून काठीने काच फोडली आणि तोल जाऊन खाली पडल्यावर तिथेच कण्हत राहिले. शहराच्या कायदेपंडिताला हे शोभते?

प्रस्तावकाचे उत्तर
शोभत नाही, पण न शोभणे म्हणजे ५०० पौंडांचा गुन्हा नव्हे. त्या चित्रकाराने बायबलमधल्या निर्मितीच्या दिवसांचा क्रमसुद्धा चुकवला होता, ही शेरफिल्ड यांची तक्रार धर्मग्रंथाला धरून होती. खटला ऐकणाऱ्यांपैकी एक, लंडनचे बिशप विल्यम लॉड यांना तर १००० पौंड हवे होते. एवढ्या रकमेचा काचेच्या किमतीशी काय संबंध?

प्रतिसाद
काहीच नाही, आणि तेच तर सांगायचे आहे. खटला काचेच्या किमतीचा नव्हताच, बिशपचा हुकूम मोडण्याचा होता. देवपित्याचे असे चित्र ज्यांना स्वतःला मान्य नव्हते, अशा न्यायाधीशांनीही खाजगी माणसाने परस्पर केलेली तोडफोड गैर मानली. हे चर्च बिशपच्या अधिकाराबाहेरचे आहे, असा बचाव शेरफिल्ड यांनी केला खरा. तो मान्य झाला असता, तर उद्या प्रत्येक गावच्या पंचांनी आपापल्या चर्चमध्ये काय ठेवायचे आणि काय फोडायचे हे स्वतःच ठरवले असते, आणि लॉड यांना नेमकी हीच धास्ती होती.