अंदमान: ७६ वर्षांच्या आईला सेल्युलर जेल नीट दाखवायचा आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आईला आणि मुलांना घेऊन अंदमानला जायचं ठरतंय. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा तास चालते, जिना मात्र कठड्याला धरून, एकेक पायरी करत.

आम्ही बडोद्याचे. आई दांडिया बाजारात वाढली, योगी अरविंद घोष राहायचे त्या अरविंद निवासावरून रोज शाळेत जायची. अरविंदबाबूंचे धाकटे भाऊ बारींद्र इथेच त्यांच्याकडे राहून गेले. पुढे अलीपूर बॉम्बखटल्यात त्यांना फाशी ठोठावली गेली, १९०९ साली अपिलात तिची जन्मठेप झाली आणि ते काळ्या पाण्यावर गेले. हे आजोबांनी तिला लहानपणी सांगितलेलं. तो तुरुंग आणि सावरकरांची कोठडी बघायची, एवढीच तिची इच्छा. किनारे, पोहणं हे सगळं मुलांसाठी.

एजंटने तुरुंग पहिल्याच दिवशी, विमानातून उतरल्या उतरल्या, तासाभरात उरकायला लावलाय. दुसऱ्या दिवशी पहाटे बाराटांग बेटावरच्या गुहा, मग बोटीने स्वराजद्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक. मला हा क्रम पटत नाही. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, तिथवर आईला जमेल का? बाराटांग गाळावं का? आणि तिला बस लागते, मग बोटीचं काय?

---

सासूबाईंना घेऊन गेलो होतो, म्हणून सांगतो. बाराटांग नक्की गाळा. जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात, म्हणून मध्यरात्रीनंतर निघावं लागतं. वर चुन्याच्या गुहांपर्यंत किलोमीटरभर खडबडीत वाट.

तुरुंगाला वेगळी सकाळ द्या. त्याच्या सात लांब इमारतींपैकी तीनच उरल्यात, सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला. आम्ही प्रत्येक मजल्यावर दहा मिनिटं थांबत चढलो, मग वरची लांब पडवी चाललो. सासूबाई कोठडीत बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. झरोका तीन मीटर उंचीवर, बाहेरचं काही दिसत नाही. नाहीच चढवलं, तर फाशीघर आणि संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम खालीच आहे.

बोट सकाळची घ्या, जागा मधली आणि खालची. गोळीचं डॉक्टरांना आधीच विचारा. आणि घड्याळ आपलंच असलं तरी तिथे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, स्वराजद्वीपवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर साडेतीनलाच पोचा.