कवळीच्या क्लास्पखालचा (दाताला धरणाऱ्या पकडीखालचा) दात किडलाय: कंपोझिट (दातरंगी रेझिन), जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट) की क्राउन (टोपी)?

इंदूर_दंत: पेशंट ६८ वर्षांच्या. खाली दोन्हीकडे दाढा नाहीत, कोबाल्ट-क्रोमची कवळी उत्तम बसते. ३५ला (खालची डावी दुसरी उपदाढ) डिस्टल म्हणजे मागच्या बाजूने कीड, हिरडीखाली साधारण १ मिमी. दात जिवंत, हलत नाही. डिस्टल रेस्ट (कवळीचा दातावर टेकणारा धातूचा टेकू) नेमका किडलेल्या कडेवर. कवळी बदलायची नाही. काय भरावं?

प्रोस्थो_बडोदे: नुसती जीआयसी नको. मुळाला चांगली चिकटते, फ्लोराइड सोडते, पण रेस्टचा भार पेलत नाही. कड तुटली की रेस्ट खाली जातो आणि क्लास्प हिरडीत रुततो. नुसतं कंपोझिटही नको, हिरडीखाली इनॅमल नसल्याने बाँड तिथूनच सुटतो. खाली रेझिन-मॉडिफाइड (रेझिन मिसळलेली) जीआयसी, वर रेस्टखाली किमान २ मिमी कंपोझिट.

शेवटचा थर देताना कवळीच साचा म्हणून वापरा. रेस्ट-क्लास्पला आतून व्हॅसलीनचा अगदी पातळ हात. दातावर लागलं तर बाँड गेला. थर मऊ असतानाच कवळी बसवा. बोटं बाकीच्या रेस्टवर ठेवा, मागच्या सॅडलवर (हिरडीवर बसणाऱ्या भागावर) नाही. सॅडल दाबलं की कवळी फिरते आणि रेस्ट कंपोझिटमध्ये जास्त खोल जातो. क्लास्पखाली आलेलं कंपोझिट खरवडा, बाजूने ३ ते ५ सेकंद लाइट, कवळी बाहेर, मग पूर्ण क्युअर (लाइटने घट्ट). आधीच पूर्ण क्युअर केलंत तर कवळी अडकलीच समजा.

लॅब_ग्वाल्हेर: मार्जिनल रिज (दाताच्या चावायच्या पृष्ठाची कड) पूर्ण गेली असेल तर हे तात्पुरतंच. पूर्ण धातूचा किंवा मोनोलिथिक (एकसंध) झिरकोनियाचा क्राउन करा. क्लास्प-रेस्टखाली पोर्सेलिन नको, टवके उडतात. वर सांगितलेलं भरणं वाया जात नाही: कवळी बसवून आकार जमला की आधी स्कॅन, मग प्रेप (क्राउनसाठी दात घासणं), आणि क्राउनला तोच आकार कॉपी. प्रेपमध्ये रेस्टखाली जादा खळगा हवाच: रेस्ट १ ते १.५ मिमी, त्याखाली धातू १ मिमी. डॉक्टर लोक नेमकं हेच विसरतात, मग क्राउन उंच तरी होतो नाहीतर ग्राइंड करताना भोक पडतं.

इंदूर_दंत: क्राउनची कड कुठे घ्यायची?

प्रोस्थो_बडोदे: भरण्यावर नाही, त्याखालच्या निरोगी दातावर. तिथून हाड ३ मिमीपेक्षा जवळ असेल तर आधी क्राउन लेंग्थनिंग (हिरडी-हाड कमी करून दात जास्त उघडा करणं). पण त्यात मुळाचा आधार कमी होतो आणि अशा कवळीत या दातावर आधीच पिळवटणारा ताण असतो. तसं असेल तर मी भरण्यावरच थांबेन. दर ३ महिन्यांनी ५ टक्के सोडियम फ्लोराइड व्हार्निश लावा, रात्री कवळी काढायला सांगा. इंदूरकरांना शेव-जिलबी सोडा म्हणण्यात अर्थ नाही. खाल्ल्यावर कवळी काढून क्लास्पखालचा दात घासायला सांगा.